डोळ्यांच्या पुढे धावणारा मेंदू



एकनाथ सोलकरांचे झेल आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असतील. २७ कसोट्यांत ५३ झेल, आणि त्यांतले कितीतरी फलंदाजाच्या अगदी पुढ्यात उभे राहून! आम्हांस पूर्वी ती नुसती चपळाई वाटे. पण डोळ्याला दिसल्यापासून हात हलेपर्यंत सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्सा निघून जातो. तेवढ्यात चेंडू पुढे गेलेला असतो. म्हणून हात जातो तो चेंडू दिसला तिथे नव्हे, तर तो येणार असेल तिथे. हा अंदाज मेंदू बांधतो. त्यात लहान मेंदूचा वाटा मोठा. हात चुकला की ती चूक टिपून तो पुढचा अंदाज सुधारतो. सराव म्हणतात तो हाच.

२००० साली लँड आणि मॅक्लिऑड यांनी फलंदाजांच्या नजरेचा माग काढला. चेंडू सुटल्यावर नजर त्याला मागे टाकून टप्प्याच्या जागी आधीच जाऊन थांबे. कसलेल्या फलंदाजाची अधिक लवकर.

पण अंदाज फसतोही. लहान वस्तू दूरची भासते. म्हणून समोरून येणारी मोटारसायकल ट्रकपेक्षा उशिरा पोहोचेल असे वाटते. चऱ्होली फाट्यावर रस्ता ओलांडताना आपण हे विसरू नये. मैदानावर चुकले तर झेल सुटतो. रस्त्यावर चूक सुधारायला दुसरी संधी मिळेलच असे नाही.