मनाचा रोजमेळ

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आंबोली येथे झालेल्या शिबिरातील भाषण)



मी कापडाचा व्यापारी. शास्त्राचा अभ्यासक नव्हे. अनुभवातून जे उमगले, तेवढेच नम्रपणे आपल्यापुढे ठेवतो.

२०२० च्या मार्चमध्ये लग्नसराईसाठी माल भरला आणि दुकानाला कुलूप लागले. रात्री अंथरुणावर पडलो की डोक्यात खतावणी उघडे. कोणाचे देणे, कोणाकडचे येणे, न विकलेले तागे. पहाटेपर्यंत तीच बेरीज आणि तेच उत्तर! त्या दिवसांत आई आजारी होती. मी तिच्या उशाशी बसत असे. एकदा तिने एकच गोष्ट तीन वेळा सांगितली आणि अखेर म्हणाली, "तू इथं नाहीसच रे." महिन्याभरात ती गेली. पुढे माल विकला गेला, उधारीही बरीचशी वसूल झाली. आईने काय सांगितले होते, ते मात्र मला आजही ठाऊक नाही. अतिविचाराची खरी किंमत ही आहे.

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात ध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आर्त, रौद्र, धर्म आणि शुक्ल. म्हणजे चिंता हेही एक ध्यानच! एकाग्रता आपल्याजवळ आहे. ती भलतीकडे गुंतली आहे, इतकेच. आर्तध्यानाचेही चार भेद आहेत. नकोसे येऊन चिकटले त्याची तळमळ, हवेसे दुरावले त्याची हळहळ, शरीरपीडेची चिंता आणि पुढील भोगांची लालसा. रात्री मनात येणारा विचार यांपैकी कोणत्या खात्यातला, हे ओळखले की त्याचा जोर निम्म्याने ओसरतो, असा माझा अनुभव आहे.

मात्र 'विचार करू नकोस' असे बजावून मन ऐकत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे लोकांना सांगितले. तेव्हा ते अस्वल वारंवार मनात येत राहिले. म्हणून मनाला अडवू नये, काम द्यावे. आपल्या पूर्वजांनी त्यासाठीच आनुपूर्वी दिली आहे. एक ते पाच हे अंक उलटसुलट मांडलेले असतात आणि अंकाप्रमाणे नवकाराचे पद म्हणायचे असते. पाच अंकांच्या अशा १२० मांडण्या होतात. पाठ असलेला जप जिभेवर चालतो आणि मन बाजारात फिरते. आनुपूर्वीत मन हलले की पद चुकते.

दुसरा उपाय व्यापाऱ्याचा. दुकान वाढवताना आपण रोजमेळ मिळवतो आणि वही मिटतो. तसेच संध्याकाळी पंधरा मिनिटे बसून चिंता कागदावर उतरवाव्यात. एका बाजूला आपल्या हातातील, दुसऱ्या बाजूला हाताबाहेरील. हातातल्यांपैकी एकीचे उद्याचे काम ठरवावे आणि कागद मिटावा. रात्री विचार आलाच, तर 'उद्या संध्याकाळी' असे त्याला सांगावे.

अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक सर्वांना लगेच साधेल असे नाही. सत्तावीस श्वासांत नऊ नवकार, इतक्या कायोत्सर्गापासून आरंभ करावा. आणि झोप, भूक, जगण्याची इच्छाच हरपू लागली, तर संकोच न करता डॉक्टरांकडे जावे. शासनाची १४४१६ ही 'टेली मानस' दूरध्वनी सेवाही २०२२ पासून उपलब्ध आहे. मदत घेण्याने धर्मश्रद्धा उणी ठरत नाही.

आंबोलीच्या घाटात पावसाळ्यात दाट धुके उतरते. जाणता चालक धुके हटवायला जात नाही. दिवे लावतो, वेग कमी करतो आणि समोरचे एक वळण पाहतो. आपणही तेवढेच करावे. आज घरी गेल्यावर आपले माणूस काही सांगेल, ते पहिल्याच वेळी ऐकावे, एवढीच विनंती.

बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!