लाळेच्या वाटेंतील खडा

चिंचेची नुसती आठवण झाली तरी तोंडाला पाणी सुटतें. हें पाणी येतें कोठून याचा विचार आपण सहसा करीत नाहीं. तो करण्याची पाळी येते ती त्याची वाट अडली म्हणजे. एखादे गृहस्थ भूक लागून पानावर बसतात, दोन घांस घेतात न घेतात तोंच जबड्याखालीं एका बाजूस सुपारीएवढी गांठ वर येते, ठणका सुरू होतो, आणि हातांतला घांस हातांतच राहतो. तास-दोन तासांनीं सूज ओसरते. पुढच्या जेवणास पुन्हां तेंच. घरांतील मंडळी म्हणतात दाढ असेल. कोणी गालगुंडाचा लेप सुचवितात. क्वचित् एखादी निरपराध दाढ उपटलीहि जाते! सूज आणि जेवण यांची ही सांगड ज्याच्या ध्यानांत आली, त्यानें अर्धें निदान केलें असें समजावें.

लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आहेत: एक कानापुढें, दुसरी जबड्याखालीं व तिसरी जिभेखालीं. दिवसाकाठीं अर्धा ते दीड लिटर लाळ तोंडांत येते, ती मुख्यतः यांच्याच नळ्यांतून. जबड्याखालच्या ग्रंथीच्या नळीचें वर्णन इंग्रज वैद्य व्हार्टन यांनीं १६५६ मध्यें केलें. कानापुढील ग्रंथीची नळी १६६० मध्यें नील्स स्टेन्सन या डॅनिश विद्यार्थ्यास ॲम्स्टरडॅम येथें मेंढीचें डोकें चिरतांना सांपडली.

नळीचें महत्त्व छत्रपति संभाजीनगरच्या रहिवाशांस निराळें सांगावयास नको. सतराव्या शतकाच्या आरंभीं मलिक अंबरनें जमिनीखालच्या नहरींतून या शहरांत पाणी खेळविलें. अशा नहरींत गाळ बसला, कीं झरा आटलेला नसतांहि हौद कोरडा पडतो. लाळेचेंहि तसेंच होतें. लाळेंतील चुन्याचे क्षार, मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट, एखाद्या कणाभोवतीं थरांवर थर बसून खडा बनतो. शंभरांतील ऐंशी ते नव्वद खडे जबड्याखालच्या ग्रंथींत किंवा तिच्या नळींत सांपडतात. कारण तिची लाळ दाट, क्षारांनीं अधिक भरलेली, आणि नळी लांब व वर चढणारी. शरीरांत पाणी कमी पडलें कीं लाळ आणखी घट्ट होते. मराठवाड्याच्या वैशाखांत पाणी पिण्याचा आळस करणाऱ्यांनीं हें लक्षांत ठेवावें.

हौद कोरडा पडला म्हणून शहाणा मनुष्य झरा बुजवीत नाहीं. परंतु शस्त्रवैद्यांना बरींच वर्षें जवळजवळ तेंच करावें लागे. खडा नळीच्या तोंडाशीं असला तर तोंडांतूनच चीर देऊन काढतां येई. तो खोल असला तर सबंध ग्रंथीच कापून काढीत. ती काढतांना ओठाचा कोपरा खालीं ओढणाऱ्या मज्जातंतूस धक्का लागण्याचें भय असे. हंसतांना तोंड वांकडें होणें ही एका बारीक खड्यासाठीं लहान किंमत नव्हे.

१९९० च्या सुमारास फ्रान्समधील कात्झ यांनीं नळींतच दुर्बीण घालून पाहिली. पुढें जिनीव्हा येथील मार्शाल व इतरांनीं ही विद्या वाढविली. कल्पना सोपी, काम मात्र अतिशय नाजूक. नळीचें जिभेखालचें छिद्र सुमारें अर्ध्या मिलिमीटरचें. तें सळ्यांनीं हळूहळू रुंद करून सुमारें एक मिलिमीटर जाडीची दुर्बीण आंत सरकवितात. सतत पाणी सोडून नळी फुगती ठेवितात. पडद्यावर खडा दिसला, कीं तारेच्या चिमुकल्या टोपलींत धरून तो बाहेर ओढतात. खडा नसून नळीच आंखडलेली असेल तर ती फुग्यानें रुंद करितात.

तरी ही दुर्बीण म्हणजे जादूची कांडी नव्हे. तीन-चार मिलिमीटरांपर्यंतचा सुटा खडा टोपलींत येतो. त्याहून मोठा असेल तर लेझरनें फोडावा लागतो, किंवा दुर्बिणीनें जागा हेरून लहानशी चीर देऊन काढावा लागतो. कांहीं रोग्यांची ग्रंथि शेवटीं काढावीच लागते. पण वर्षानुवर्षें कोंडलेली ग्रंथि निकामीच झाली असली पाहिजे, हा जुना समज मात्र डळमळला आहे. अडथळा दूर होतांच पुष्कळ ग्रंथि पुन्हां पाझरूं लागतात. म्हणून, ग्रंथि काढावयाची असें कोणीं सुचविलें, तर ती वाचविण्याचा मार्ग आहे काय, हें विचारण्यास रोग्यानें संकोचूं नये.

प्रथम दाखवावयाचें कान-नाक-घशाच्या वैद्यास. १९५६ मध्यें निघालेलें आपलें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे सर्वांची घाटी, आहेच. सोनोग्राफीनें बहुतेक खडे ओळखूं येतात, व तिला कांहीं कापावें-टोंचावें लागत नाहीं. सुजेबरोबर ताप आला, जिभेखालून पू येऊं लागला, किंवा गिळण्यास व श्वासास त्रास होऊं लागला, तर मात्र एक दिवसहि थांबूं नये. आणि न दुखतां वाढत जाणारी, जेवणाशीं संबंध नसलेली गांठ खड्याची समजून घरीं बसूं नये. तिची तपासणी निराळी आहे.

खडा निघाल्यावर रोग्याला भरपूर पाणी प्यावयास, ग्रंथि बाहेरून हलक्या हातानें चोळावयास, आणि लिंबाची फोड चोखावयास सांगतात.