वाहक म्हणजे रोगी नव्हे
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा सारांश)



आम्ही वस्तीत सिकलसेलची तपासणी करतो. रिपोर्ट हाती पडला की आयाबाया पहिला प्रश्न विचारतात, "माझ्या पोरीला रोग निघाला का हो?" कागदावर 'ए एस' लिहिलेलं असतं. त्या दोन अक्षरांचा अर्थ न कळल्याने घरात रडारड होते, जुळलेली सोयरीक मोडते. म्हणून आज ही अक्षरं समजून घेऊ.

रक्तातल्या तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिन शरीरभर प्राणवायू पोचवतं. निरोगी पेशी गोल, लवचिक असतात, सुमारे १२० दिवस जगतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या नि कडक होतात. सिकल म्हणजे विळाच. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, तेव्हा हातपाय, पाठ, छाती असह्य दुखते. डॉक्टर त्याला क्रायसिस म्हणतात. त्या १० ते २० दिवसांतच फुटतात, म्हणून रक्त कमी होतं, डोळे पिवळे दिसतात. आपण त्याला वात म्हणतो. काही घरी अजून अंगारे-धुपारेही चालतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराला हे शोभत नाही.

हा आजार लागट नाही. आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन गुण मुलाला मिळतात. दोन्ही निरोगी असले तर ए ए. एक सिकलचा असला तर ए एस, म्हणजे वाहक. दोन्ही सिकलचे असले तर एस एस, म्हणजे रुग्ण. वाहक सर्वसाधारण आयुष्य जगतो. ए एसचं पुढे एस एस होत नाही.

वाहकाचं लग्न ए ए व्यक्तीशी झालं, तर त्यांचं मूल एस एस होत नाही. दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक. "एक दुखणाईत झालं, आता पुढची तीन चांगली होतील," हा हिशोब चुकीचा आहे.

सॉल्युबिलिटी टेस्ट फक्त सिकल आहे की नाही एवढंच सांगते. वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीनेच कळतं. तोवर घाबरू नये, नि निकालही देऊ नये.

रुग्णाने भरपूर पाणी प्यावं, थंडीपासून जपावं, फॉलिक ॲसिड व हायड्रॉक्सीयुरिया डॉक्टर सांगतील तशी घ्यावी. लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत. ताप आला, छातीत दुखलं किंवा दम लागला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्याचाही लाभ घ्यावा.

विदर्भात आदिवासी बांधवांत आणि आपल्या समाजात हा गुण बराच आढळतो. वाहकाला हिवतापापासून थोडं संरक्षण मिळतं, म्हणून हिवतापाच्या मुलखात तो टिकून राहिला. यात कुणाचं पाप नाही, नि मुलीचा दोष तर नाहीच.

बंधू-भगिनींनो, आपण लग्नात पत्रिका पाहणं सोडलं. आता रक्ताचा रिपोर्ट पाहू या. मुलीचा पाहू तसा मुलाचाही.

जयभीम! नमो बुद्धाय!