पाना आपल्या हातात

(अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील महिला मंडळांच्या शिबिरात केलेले भाषण)



सकाळपासून हिंसा, हुंडा, जमिनीचा हक्क यांवर बोलणे झाले. मी गंजलेल्या पाइपाविषयी बोलणार आहे. हा बायकांचा प्रश्न कसा, असे कुणी विचारील, म्हणून आधी एक अनुभव सांगते.

पाथर्डी तालुक्यातल्या एका दलित वस्तीवरचा हातपंप फेब्रुवारीत बंद पडला. अर्ज दिला, पथक आले नाही. नऊ आठवडे बायका लांबच्या विहिरीवरून हंडे वाहत होत्या. दोघी मुलींची शाळा बुडाली. त्याच गावातल्या वरच्या आळीचा पंप मात्र चार दिवसांत दुरुस्त झाला होता. म्हणजे गंज पाइपाला लागतो, पण तो कुणाचा पाइप आधी बदलायचा हे जात ठरवते, आणि तोवरचे पाणी बाईची मान वाहते.

तो पंप 'इंडिया मार्क दोन' होता. जालना आणि सोलापूर इथे घडलेल्या पंपांच्या अनुभवातून १९७० च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने हा पंप तयार झाला. बोअरमध्ये तीन-तीन मीटरचे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप सॉकेटने जोडून सोडतात. आटे पाडताना तिथला मुलामा निघून जातो, म्हणून गंज आधी जोडावर धरतो. पाणी खारे किंवा आम्लधर्मी असेल तर तो लवकर धरतो.

बिघाड ओळखायला पदवी लागत नाही. सकाळच्या पहिल्या दांड्यांना लालसर पाणी येते, तो गंज. तासभर थांबल्यावर पाणी यायला खूप दांडे मारावे लागतात, म्हणजे पाइप गळतो आहे किंवा खालचा व्हॉल्व्ह पाणी धरत नाही. दांडा एकदम हलका लागला, तर आतली सळई तुटली किंवा सुटली असणार. हे आपल्याला रोजच कळत असते. फक्त आपल्याला कुणी विचारत नाही.

शेवटी त्या बायकांनी एका निवृत्त मिस्त्रीकाकांना बोलावले. "हे बायकांचे काम नाही," असे सांगायला पारावरचे चार जण आलेच. दहा पाइप, सळया आणि आतले पाणी मिळून दीडशे किलोच्या आसपास वजन. पण ते एकट्याने उचलायचे नसतेच. क्लॅम्पने पाइप धरायचा, मग वरचा सोडवायचा. सहा जणींनी ते केले. दोन पाइप जोडाजवळ कुजले होते. नुसता सॉकेट बदलून भागत नाही, कारण कुजलेल्या आट्यांवर नवा सॉकेट टिकत नाही. टोक कापून नवे आटे पाडले तर पाइप आखूड होतो आणि सळईचे माप चुकते. म्हणून दोन्ही पाइप सॉकेटसकट नवे घातले, वायसर बदलले. संध्याकाळी पाणी आले.

यात नवल काही नाही. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्येच्या बायकांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच हे काम शिकून घेतले होते.

२०१९ मध्ये जल जीवन मिशन आले, नळही आले. पण वीज गेली किंवा उद्भव आटला की आपण पुन्हा हातपंपावरच. या मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचे ठरले. चांगले आहे. पण पाणी तपासणारी बाई पंप का उघडू शकत नाही? पाणी भरणे बाईचे आणि पाना पुरुषाचा, ही वाटणी कुणी केली?

तेव्हा येत्या ग्रामसभेत तीन गोष्टी मागू या. दुरुस्तीची हत्यारे गावात असावीत. पथकाबरोबर दोन बायकांना प्रशिक्षण मिळावे. आणि या कामाची मिस्त्रीइतकीच मजुरी मिळावी. त्या सहा जणींना शाबासकी मिळाली, पैसा नाही. श्रमदानाच्या नावाखाली बाईचे फुकट काम आणखी एकाने वाढवायला मी इथे आलेली नाही.

त्या वस्तीवरचा पाइप-पाना आता एका बाईच्या घरी असतो. पंप कुरकुरला की लोक तिच्या दारी येतात. गेल्या महिन्यात वरच्या आळीतलेही आले. ती गेली, आणि आधी मजुरी ठरवून मगच तिने पाना लावला.