एक पडदा, अनेक कामे
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणाचे महत्त्व सांगणारे वक्ते आपणांस पुष्कळ लाभले आहेत. त्यात मी भर घालणार नाही. संगणकावर पोट भरणारा मी एक साधा माणूस. माझ्या रोजच्या कामातील एक सवय तेवढी आपल्यापुढे मांडतो.

पालकहो, संगणक शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या पडद्यावर आपण एक काळी चौकट पाहिली असेल. तिच्यात चित्रे नाहीत, नुसती अक्षरे. तिला टर्मिनल म्हणतात. पूर्वी टर्मिनल हे स्वतंत्र यंत्रच असे. १९७८ साली आलेल्या व्हीटी-१०० या यंत्राच्या पडद्यावर २४ ओळी आणि नेहमीच्या मांडणीत दर ओळीत ८० अक्षरे मावत. मोठा संगणक दूर कुठेतरी, आणि त्याच्याशी बोलायचे ते या यंत्रावरून. आज ते यंत्र गेले. त्याचे काम करणारी चौकट मात्र प्रत्येक संगणकात आहे.

आता अडचण अशी की काम एकच नसते. एकीकडे प्रोग्राम लिहायचा, दुसरीकडे तो चालवून पाहायचा, तिसरीकडे त्याच्या चुकांची नोंद वाचायची. नवशिका विद्यार्थी पाच-सहा चौकटी उघडतो आणि त्यांच्या ढिगाऱ्यात स्वतःच हरवतो. माझे वडील शिंपीकाम करीत. दुकान एवढेसे, पण दहा गिऱ्हाइकांची कापडे कधी एकमेकांत मिसळली नाहीत. हाताखालचे कापड फळीवर, बाकीची घडी घालून मांडणीवर, आणि प्रत्येकाला नावाची चिठ्ठी टाचलेली. टर्मिनलची व्यवस्था याहून निराळी नाही.

नियम सोपा आहे. जे एकाच वेळी डोळ्यांसमोर हवे, त्यासाठी पडद्याचे भाग पाडावेत. त्यांना पेन म्हणतात. जे काम वेगळे, त्याला वेगळा टॅब द्यावा. यासाठी १९८७ पासून ग्नू स्क्रीन आणि २००७ पासून टीमक्स हे प्रोग्राम उपलब्ध आहेत. दोन्ही विनामूल्य आहेत आणि जुन्या संगणकावरही त्यांचा भार पडत नाही. टीमक्समध्ये कंट्रोल व बी या कळा एकत्र दाबून सोडाव्यात. मग टक्क्याचे चिन्ह दिले की डावा-उजवा भाग पडतो; दुहेरी अवतरणचिन्ह दिले की वर-खाली. सी दिले की नवी खिडकी उघडते, म्हणजे आपला टॅबच. स्वल्पविराम दिला की तिला नाव देता येते. झेड दिले की चालू भाग पडदाभर मोठा होतो आणि पुन्हा दिले की पूर्ववत. एवढ्या पाच गोष्टी आठवडाभर वापरल्या की बोटांनाच पाठ होतात.

परंतु मित्रहो, खरा लाभ याहून मोठा आहे. आपल्यापैकी अनेकांना कॉलेजच्या किंवा भाड्याच्या दूरच्या संगणकावर घरून काम करावे लागते. तीन तासांचे काम लावले आणि मध्येच वीज गेली किंवा नेट तुटले, तर सामान्यतः ते काम तिथेच मरते. टर्मिनल टेलिफोनच्या तारेवरून जोडले जाई त्या काळापासूनची ही रीत आहे: पलीकडच्याने फोन ठेवला की संगणकाने त्याचा प्रोग्राम बंद करावा. त्या दूरच्या संगणकावर आधी टीमक्स सुरू करून त्यात काम लावले, तर तार तुटली तरी काम चालू राहते. पुन्हा जोडणी करून टीमक्स अटॅच ही आज्ञा दिली की पडदा होता तसा समोर येतो. आपण होऊन उठायचे असेल तर कंट्रोल-बी आणि मग डी. मात्र तो दूरचा संगणकच बंद पडला तर हा उपाय चालत नाही. म्हणून केलेले काम वरचेवर साठवावे, हे विसरू नका.

आता माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी पडद्याचे दोन भाग केले होते. डाव्या भागात माझा संगणक, उजव्या भागात कचेरीचा. दोन्ही दिसायला सारखेच. माझ्याकडील चाचणीची कागदपत्रे पुसायची म्हणून आज्ञा दिली, आणि कर्सर होता उजवीकडे. टर्मिनलमध्ये पुसलेले केराच्या टोपलीत जात नाही, ते जातेच. सुदैवाने आठवड्यापूर्वीची प्रत होती. पण मधल्या सहा दिवसांचे काम गेले, आणि त्यात माझ्या सहकाऱ्याचेही होते. दोन रात्री बसून आम्ही ते पुन्हा उभे केले. तो मला एक शब्दही बोलला नाही, याचीच मला अधिक लाज वाटली. वडिलांच्या दुकानातली चिठ्ठी मला त्या दिवशी आठवली. तेव्हापासून मी प्रत्येक खिडकीला नाव देतो, दूरच्या संगणकाचा रंग निराळा ठेवतो, आणि पुसण्याची आज्ञा देण्याआधी ओळीच्या सुरुवातीचे संगणकाचे नाव वाचतो. तीनपेक्षा अधिक भाग मी सहसा पाडीत नाही. पडदा फाडून नजर वाढत नाही.

पालकहो, मुलीच्या पडद्यावर अक्षरांचे तीन-चार चौकोन धावताना दिसले तर तो खेळ समजून संगणक बंद करू नका. तिला विचारा, "बेटी, कोणत्या चौकोनात काय चालले आहे?" तिने नीट सांगितले तर समजा, तिचे काम तिच्या ताब्यात आहे. सांगता आले नाही, तर ती त्याच रात्री खिडक्यांना नावे देईल.

विद्यार्थी मित्रहो, महाग यंत्र नाही म्हणून खंत करीत बसू नका. जे आहे ते नीट मांडून ठेवा.