विमानाची कडी



जुन्या घराच्या दाराला कडी-कोयंडा असतो. पावसाळ्यात लाकूड फुगले की कडी कोयंड्यापर्यंत पोहोचत नाही आणि उन्हाळ्यात तेच दार वाऱ्याने खडखडू लागते. आपण तिकडे दुर्लक्ष करतो, कारण फार तर दार उघडेल, एवढीच भीती असते. परंतु तेच दार जमिनीपासून हजार मीटर उंचीवर असेल तर? आज मी अशाच एका कडीविषयी बोलणार आहे. ती कडी हौशी माणसांनी स्वतः बांधलेल्या लहान विमानांची आहे.

विमान घरी बांधता येते, हे ऐकून कोणाला नवल वाटेल. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले आणि 2017 साली त्याची सरकारदरबारी नोंद झाली. अमेरिकेत तर हा छंद फार रुजला आहे. तेथे 1953 साली पॉल पोबेरेझ्नी यांनी अशा हौशी लोकांची संघटना स्थापन केली. तिचा मेळा 1970 पासून ऑशकॉश या गावी भरत आला आहे.

या विमानांपैकी पुष्कळांवर दाराऐवजी पारदर्शक ऍक्रिलिकचे फुगीर झाकण असते. त्यालाच कॅनॉपी म्हणतात. विमान धावू लागले की त्या फुगीर पाठीवरून हवा वेगाने वाहते, तिचा दाब उतरतो आणि झाकण वर ओढले जाते. ताशी 180 किलोमीटर वेगाला वाऱ्याचा जोर दर चौरस मीटरला सुमारे 150 किलोग्रॅम वजनाइतका होतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. झाकणावरचा ओढा याच मापाचा असतो. म्हणजे जमिनीवर हाताने दाबून घट्ट वाटलेली कडी आकाशात तशीच घट्ट राहील, याची खात्री नाही.

दुसरी गोष्ट उष्णतेची. ऍक्रिलिक हे ऍल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट प्रसरण पावते. दीड मीटर लांबीचे झाकण 20 अंशांच्या फरकाने दोन मिलिमीटर वाढते किंवा आखडते. त्याखालची ऍल्युमिनियमची चौकट एक मिलिमीटरदेखील हलत नाही. दुपारच्या उन्हात नीट बसविलेली कडी थंडीतल्या पहाटे सैल का लागते, ते यावरून कळेल. यासाठी कडी उन्हात आणि गारव्यात, दोन्ही वेळा पाहावी. दांड्याचा आटा एका वेळी अर्धाच फेरा फिरवावा, ताबडतोब रोधक नट आवळावा आणि मग आत बसून झाकणाचा प्रत्येक कोपरा वर ढकलून पाहावा. मूठ मधल्या बिंदूच्या किंचित पलीकडे जाऊन थांबली पाहिजे. तेव्हाच वरचा ओढा तिला उघडण्याऐवजी अधिक मिटवितो. पण अति आवळणेही घातक आहे. ताणलेल्या ऍक्रिलिकला भोकांच्या कडेपासून तडे जातात.

मूठ फिरली म्हणजे कडी बसली, असे मात्र समजू नये. आरव्ही-10 या विमानाच्या दारांत मूठ बंद दिसत असूनही खिटी आपल्या खाचेत शिरलेली नसल्याचे प्रकार घडले आणि हवेत दारे निखळली. म्हणून पुढे त्यांना जादा कडी देण्यात आली. बर्ट रुटान यांच्या लाँग-ईझेड या विमानाचा पंखा मागे असतो. तेथे निखळलेली वस्तू पंख्यावरच आदळावयाची. म्हणून त्याच्या झाकणाला मुख्य कडीखेरीज एक सुरक्षेचा आकडा असतो. मुख्य कडी सुटली तरी तो झाकणाला पुरते उघडू देत नाही.

इतके करूनही झाकण उघडलेच तर? प्रचंड आवाज होतो, टोपी आणि कागद उडून जातात आणि वैमानिक एका हाताने झाकण ओढू लागतो. खरा अपघात येथेच होतो. उघड्या झाकणासह विमान बहुतेक वेळा उडत राहते. दुर्लक्षित विमान मात्र पडते. अमेरिकेच्या नागरी विमान प्रशासनाच्या पुस्तिकेतही हेच सांगितले आहे: घाबरू नका, आधी विमान सांभाळा, दार गाठण्यासाठी पट्टा सोडू नका. वेग फार घटू न देता फेरी पूर्ण करावी आणि उतरावे.

आणि याच कडीचे दुसरे कर्तव्य अगदी उलट आहे. विमान उलटले किंवा पेटले तर ती क्षणात, आतून तशीच बाहेरून, उघडली पाहिजे. धावून आलेल्या शेतकऱ्यालाही ती कशी उघडावी हे कळावे, म्हणून बाहेर ठळक खूण हवी; आणि झाकण अडकलेच तर ते फोडण्यासाठी हाताशी हातोडी हवी.

अमेरिकेत विमान बांधणाऱ्याला परवाना मिळाला की त्याची वार्षिक तपासणी तो स्वतःच करू शकतो. आपली उत्तरपत्रिका आपणच तपासावी, असा हा प्रकार आहे. आम्हा शिक्षकांना ठाऊक आहे की असा विद्यार्थी लबाड नसला तरी स्वतःची चूक त्याला दिसत नाही; त्याने जे लिहावयाचे ठरविले होते, तेच तो वाचतो. म्हणून उड्डाणापूर्वी कडीवर आणखी एका माणसाने हात ठेवावा. त्याला विमानातले काही कळत नसले तरी चालेल. खिटी खाचेत शिरली आहे की नाही, एवढेच त्याने डोळ्यांनी पाहून सांगावे.