सवलत नव्हे, हक्क

धार व देवास ही पवारांची संस्थाने १९४८ साली मध्य भारतात विलीन झाली. तेथील मराठी कुटुंबे मात्र माळव्यातच रुजली. अशा घरच्या कर्णबधिर मुलावर घरी मराठी, शाळेत हिंदी आणि पुढे इंग्रजी असा तिहेरी भार पडतो. सर्वांना एकच माप लावणे म्हणजे न्याय नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात परीक्षेसाठी जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांची तरतूद आहे. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या बालकास नजीकच्या अथवा विशेष शाळेत, पसंतीनुसार, मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पालकांनी याचना न करता लेखी मागणी करावी; शाळांनी ती उपकार म्हणून नव्हे, कर्तव्य म्हणून पूर्ण करावी.